काउंटीच्या दप्तरातील सोडचिठ्ठी

आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदवहीत गेल्या काही वर्षांत एक शब्द वाढला आहे. पूर्वी तेथे ‘प्रथमवर’ आणि ‘बिजवर’ एवढ्यावर काम भागत असे. सांप्रत ‘घटस्फोटित’ हा शब्दही लिहावा लागतो, आणि तो मुलांच्या यादीप्रमाणे मुलींच्या यादीतही लिहावा लागतो. काही नावांपुढे त्याच्या जोडीला ‘घटस्फोट अमेरिकेत झाला’ असा शेराही येऊ लागला आहे.

ही नोंदवही सांभाळण्याचे काम शाळेतून सेवानिवृत्त झाल्यावर मंडळाने प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. दोन वर्षांपूर्वी एके संध्याकाळी आपल्यापैकीच एक गृहस्थ सपत्नीक घरी आले. त्यांची कन्या विवाहानंतर अमेरिकेस गेली होती. संसार जमला नाही व ती माहेरी परतली. पुढे पतीने तिकडेच घटस्फोटाचा अर्ज केला, कागद टपालाने आले, तिने वकिलाचा सल्ला घेऊन संमतीची सही केली आणि यथाकाल निकालाची प्रतही टपालाने आली. आता तिचा पुनर्विवाह एका सुस्वभावी तरुणाशी ठरला होता. मुलाकडील मंडळींचा काही आक्षेप नव्हता. परंतु विवाहनोंदणीसाठी पहिल्या विवाहाच्या घटस्फोटाची प्रमाणित प्रत लागेल असे समजले, आणि ती प्रत घरात नव्हती. ती कोठे गेली असे विचारता वडिलांनी मान खाली घातली. निकाल आला त्याच दिवशी त्यांनी तो फाडून बंबात घातला होता.

“असला कागद घरात नको वाटला, गुरुजी,” एवढेच ते म्हणाले.

निकाल कोणत्या न्यायालयाचा, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “अमेरिकेतल्या.” कोणत्या राज्यातल्या? “कॅलिफोर्नियातल्या.” त्यापुढे मात्र कोणास काही सांगता येईना; कारण मुलगी परतल्यावर पतीने गाव बदलले होते, आणि त्याला पत्र लिहिण्याची तिची इच्छा नव्हती. मुलगी मोकळी झाली होती, पण ती मोकळी आहे हे दाखविणारा कागद जगात कोठे आहे हे घरातील कोणासच ठाऊक नव्हते.

त्या कागदाच्या शोधाच्या निमित्ताने अमेरिकेतील घटस्फोटांच्या दप्तरांविषयी पुष्कळ वाचन घडले. हे दप्तर कोठे असते आणि तेथेच का असते, याला मोठा इतिहास आहे; आणि तो इतिहास समजल्यावाचून अर्ज कोठे करावा हेही समजत नाही. आपल्या अनेक कुटुंबांची मुले-मुली आज त्या देशात आहेत. यास्तव हा विषय स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत घटस्फोटाचा निकाल देशाच्या राजधानीत ठेवलेला नसतो, आणि संपूर्ण निकाल बहुधा राज्याच्या राजधानीतही नसतो. तो काउंटीच्या न्यायालयात असतो. काउंटी म्हणजे आपल्याकडील लहान जिल्ह्यासारखा मुलखाचा विभाग. 1634 साली व्हर्जिनिया वसाहतीची आठ विभागांत वाटणी झाली, ती तेथील काउंट्यांची सुरुवात. आज त्या देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. लुइझियाना राज्यात त्यांना ‘पॅरिश’ म्हणतात आणि अलास्कात ‘बरो’. प्रत्येक काउंटीचे एक मुख्य गाव असते, त्या गावात न्यायालयाची इमारत असते, आणि त्या इमारतीत जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहाचे परवाने व दाव्यांचे निकाल यांची दप्तरे एका अधिकाऱ्याच्या ताब्यात असतात. त्याला तिकडे ‘क्लार्क’ म्हणतात. परंतु तो आपल्या कल्पनेतील साधा कारकून नसून दप्तराचा जबाबदार रक्षक असतो.

विवाह व घटस्फोट हे विषय मध्यवर्ती सरकारच्या कक्षेत का नाहीत? 1787 साली तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत या विषयांचा अधिकार मध्यवर्ती सरकारास दिलेला नाही, आणि जे अधिकार मध्यवर्ती सरकारास दिलेले नाहीत ते राज्यांकडे वा जनतेकडे राहतील, असे 1791 सालच्या दहाव्या दुरुस्तीने स्पष्ट केले. त्यामुळे घटस्फोटाचा एक कायदा त्या देशात कधीच झाला नाही. जितकी राज्ये तितके कायदे. देशातील सर्व घटस्फोटांचे निकाल एकत्र सापडतील असे मध्यवर्ती दप्तरही तेथे नाही.

वसाहतींच्या काळापासूनच या बाबतीत उत्तर व दक्षिण यांचे मार्ग वेगळे होते. मॅसॅच्युसेट्समध्ये वस्ती करणारे प्युरिटन पंथाचे लोक विवाहास धर्मसंस्कार न मानता दिवाणी करार मानीत. त्यामुळे तेथे 1639 सालीच न्यायालयाने घटस्फोट दिल्याचे आढळते. पहिली पत्नी हयात असता दुसरा विवाह करणाऱ्या एका पुरुषाचे ते प्रकरण होते. दक्षिणेकडील वसाहती मात्र इंग्लंडच्या वहिवाटीने चालत. इंग्लंडात 1857 सालचा कायदा होईपर्यंत पुनर्विवाहाची मुभा देणारा पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटात स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतील कित्येक राज्यांच्या विधिमंडळांनीही हीच पद्धत काही काळ चालविली. म्हणजे एका जोडप्याची गाठ सोडविण्यासाठी सभागृहात विधेयक यावयाचे! या पद्धतीमुळे एका स्त्रीच्या वाट्याला काय आले, ती हकीगत ऐकण्यासारखी आहे.

रेचलची कथा

नॅशव्हिल शहराच्या संस्थापकांपैकी जॉन डोनेल्सन यांची कन्या रेचल. 1785 साली तिचा विवाह लुइस रोबार्ड्‌स नावाच्या गृहस्थाशी झाला. ते हॅरोड्सबर्ग या गावाकडे राहत. तो मुलूख त्या वेळी व्हर्जिनिया राज्यात मोडत असे. पती संशयी होता. उभयतांचे पटले नाही व ती माहेरी आली. 1790 च्या डिसेंबरात व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने रोबार्ड्‌सच्या विनंतीवरून एक कायदा संमत केला. त्याचे वृत्त नॅशव्हिलला पोहोचले ते ‘घटस्फोट झाला’ असे. 1791 साली रेचलने एका तरुण वकिलाशी विवाह केला, असे ती दोघे पुढे सांगत. त्या वकिलाचे नाव अँड्र्यू जॅक्सन.

परंतु विधिमंडळाने घटस्फोट दिलाच नव्हता. न्यायालयात जाऊन, ज्यूरीपुढे आरोप सिद्ध करून घटस्फोट मिळविण्याची परवानगी तेवढी त्या कायद्याने दिली होती. रोबार्ड्‌सने पुढे दावा चालविला आणि प्रत्यक्ष निकाल लागला तो 1793 च्या सप्टेंबरात, केंटकीमधील मर्सर काउंटीच्या न्यायालयात. मधल्या काळात, 1792 साली, केंटकी हे व्हर्जिनियापासून फुटून स्वतंत्र राज्यही झाले होते. ही बातमी कळताच जॅक्सन दांपत्याने 1794 च्या जानेवारीत नॅशव्हिल येथे पुन्हा रीतसर विवाह केला. त्यांना मुळात किती ठाऊक होते याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. आपण निर्धास्तपणे विधिमंडळाचा कायदा हाच घटस्फोट समजलो, असे जॅक्सन यांच्या मित्रांचे म्हणणे होते. 1791 च्या विवाहाची कोठे नोंदही सापडत नाही. इतके मात्र खरे की हॅरोड्सबर्गच्या न्यायालयातून एक नक्कल वेळीच मागविली असती, तर संशयाला जागा राहिली नसती.

पुढे चौतीस-पस्तीस वर्षे लोटली. जॅक्सन सेनापती झाले, कीर्तिमान झाले आणि 1828 साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. तेव्हा विरोधी पक्षाच्या वृत्तपत्रांनी मर्सर काउंटीतील त्या जुन्या निकालाचा हवाला देऊन रेचलची यथेच्छ नालस्ती केली. कारण त्या निकालात तिच्यावर व्यभिचाराचा ठपका होता. साठी ओलांडलेल्या त्या धर्मशील स्त्रीला हा आघात सोसला नाही. जॅक्सन निवडून आले. परंतु 22 डिसेंबर 1828 रोजी रेचलचे निधन झाले, आणि 4 मार्च 1829 रोजी त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली ती विधुर म्हणून. पत्नीचा मृत्यू या निंदेमुळेच झाला, असे ते अखेरपर्यंत मानीत.

या कथेचे तात्पर्य आपल्या विषयापुरते एवढेच की, जो कागद वेळीच घरच्यांनी पाहिला नाही, तो पुढे शत्रूंनी वाचला. दप्तर नष्ट होत नाही म्हणून भिण्याचे कारण नाही. दप्तरात काय लिहिले आहे हे आपणास ठाऊक नसणे, यातच भय आहे.

माणसे फिरली, कागद जागेवर राहिले

एकोणिसाव्या शतकात एकामागून एका राज्याने विधिमंडळाकडील हा अधिकार काढून तो न्यायालयांकडे सोपविला. त्यामुळे घटस्फोटाचे निकाल काउंट्यांच्या न्यायालयांत साठू लागले. परंतु राज्याराज्यांचे कायदे भिन्न असल्यामुळे दुसराच प्रकार सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यात 1787 पासून 1966 साली कायदा बदलेपर्यंत व्यभिचार हेच काय ते घटस्फोटाचे कारण होते. दक्षिण कॅरोलिनात तर 1949 पर्यंत घटस्फोट जवळजवळ अशक्यच होता. उलट काही राज्ये फार उदार होती. तेव्हा ज्यांना साधेल ते लोक अशा राज्यात जाऊन, कायद्याने ठरविलेली मुदत तेथे राहून, निकाल पदरात पाडून घरी परतत. प्रथम इंडियाना, नंतर दक्षिण डकोटा आणि शेवटी नेव्हाडा या राज्यांची अशा कामासाठी ख्याती झाली. नेव्हाडाने 1931 साली वास्तव्याची मुदत अवघी सहा आठवडे केली, आणि वॉशो काउंटीतील रीनो शहरात घटस्फोटार्थी लोकांची रीघ लागली. आजही एखाद्या न्यूयॉर्कच्या घराण्याचा निकाल न्यूयॉर्कमध्ये सापडत नाही, तेव्हा जाणते शोधक नेव्हाडातील वही उघडतात.

अशा निकालांची किंमत घरच्या राज्यात काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. 1940 साली उत्तर कॅरोलिना राज्यातील एक दुकानदार व त्याच्या माजी नोकराची पत्नी नेव्हाडातील लास व्हेगास येथे गेली, क्लार्क काउंटीतील न्यायालयातून दोघांनी आपापले घटस्फोट मिळविले, तेथेच परस्परांशी विवाह केला व ती परत आली. घरच्या राज्याने त्यांच्यावर द्विभार्यासदृश गुन्ह्याचा खटला भरला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेले. 1942 साली निकाल त्यांच्या बाजूचा लागला; परंतु 1945 साली न्यायालयाने असे ठरविले की, नेव्हाडात त्यांचे खरेखुरे वास्तव्य नव्हते असे आढळल्यास तो घटस्फोट मानण्यास घरचे राज्य बांधलेले नाही. शिक्षा कायम झाली. निकालाचा कागद हातात असणे आवश्यक खरे, पण त्या न्यायालयास अधिकार होता की नाही हेही पाहिले जाते, हा धडा त्या खटल्याने दिला.

देशात घटस्फोट किती होतात हे मोजण्याची वेळ आली तेव्हाही काउंटीवाचून गत्यंतर नव्हते. कॅरोल राइट या अधिकाऱ्याने 1889 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी गणक ठिकठिकाणच्या न्यायालयांत जाऊन जुनी दप्तरे चाळीत बसले. 1867 ते 1886 या वीस वर्षांत 3,28,716 घटस्फोट झाल्याचे त्यांनी काढले. पुढील वीस वर्षांची, म्हणजे 1887 ते 1906 ची, संख्या दुसऱ्या अहवालात 9,45,625 भरली. प्रत्येक आकड्यामागे कोठल्या तरी काउंटीतील एक नोंद होती.

अर्थात दप्तरेही अमर नाहीत. 1871 च्या ऑक्टोबरात शिकागो शहर जळाले तेव्हा कुक काउंटीच्या न्यायालयातील तोपर्यंतचे कागद भस्मसात झाले. 18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला व पाठोपाठ आग लागली, तीत तेथील न्यायालयाचे बहुतेक जुने दप्तर गेले. अशा ठिकाणी शोधकांना त्या काळच्या वृत्तपत्रांचा आधार घ्यावा लागतो. कारण प्रतिवादीचा पत्ता लागत नसेल तर दाव्याची नोटीस वृत्तपत्रात छापण्याची तेथे वहिवाट होती.

प्रत कशी मागवावी?

आता व्यवहाराकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे, निकाल जेथे लागला ती काउंटी शोधावी. विवाह कोठे झाला किंवा पती-पत्नी आज कोठे राहतात, याचा येथे उपयोग नाही. शहराचे नाव ठाऊक असेल तर त्यावरून काउंटी कळते; मात्र काही शहरे एकाहून अधिक काउंट्यांत पसरलेली आहेत, हे ध्यानात ठेवावे. जुन्या प्रकरणांत काउंट्यांच्या सीमाही बदललेल्या असतात; त्या वर्षी तो गाव कोणत्या काउंटीत होता हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट, कागदाचे प्रकार ओळखावे. काही राज्यांची आरोग्यखाती घटस्फोटाचा दाखला किंवा नुसते पडताळणीचे पत्र देतात. टेक्सास राज्य 1968 पासूनच्या घटस्फोटांविषयी असे पत्र देते. कॅलिफोर्निया राज्याकडे 1962 पासून 1984 च्या जूनपर्यंतच्याच नोंदी आहेत. न्यूयॉर्क राज्य 1963 पासूनचे दाखले देते. परंतु हा दाखला म्हणजे निकाल नव्हे. अमुक दोघांचा अमुक दिवशी घटस्फोट झाला एवढेच त्यातून कळते. मुलांचा ताबा, पोटगी, मालमत्ता, नाव बदलण्याची परवानगी हा सर्व मजकूर निकालपत्रात असतो आणि ते काउंटीकडेच मागावे लागते. कॅलिफोर्नियात ते सुपीरियर कोर्टाकडे, टेक्सासात डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, इलिनॉयमध्ये सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे, न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लार्ककडे आणि पेनसिल्व्हेनियात ‘प्रोथोनोटरी’ अशी जुनी पदवी धारण करणाऱ्या अधिकाऱ्याकडे असते.

तिसरी गोष्ट अर्जाची. त्यात उभयतांची पूर्ण नावे, स्त्रीचे माहेरचे नाव, निकालाचे निदान अंदाजे वर्ष आणि ठाऊक असल्यास दाव्याचा क्रमांक लिहावा. क्रमांक नसेल तर नावांच्या सूचीत शोध घ्यावा लागतो. पुष्कळ न्यायालयांची सूची आता संगणकावर घरबसल्या पाहता येते. जुन्या वह्यांत मात्र वादीच्या आडनावाने नोंद असते, म्हणून दोन्ही नावे तपासावी. आपल्या नावांची इंग्रजी अक्षरयोजना तेथील लिपिकाने कशी केली असेल याचा नेम नसतो, तेव्हा दोन-तीन प्रकारे शोधून पाहणे इष्ट. अर्जासोबत ओळखीचा पुरावा व शुल्क पाठवावे लागते; शुल्क ठिकठिकाणी निराळे असते, म्हणून आधी विचारून घ्यावे. साधी प्रत वाचण्यापुरती चालते; सरकारी कामास मुद्रा व सही असलेली प्रमाणित प्रतच लागते.

चौथी गोष्ट, सर्वच दप्तर सर्वांस खुले नसते. अनेक राज्यांत कोणीही नागरिक निकाल पाहू शकतो. परंतु न्यूयॉर्क राज्यात घटस्फोटाचे कागद शंभर वर्षे मोहोरबंद असतात व ते पक्षकारांना आणि त्यांच्या वकिलांनाच मिळतात. अशा ठिकाणी वडिलांनी किंवा भावाने अर्ज करून भागत नाही. जिचा निकाल तिनेच मागावा. फार जुनी दप्तरे राज्याच्या अभिलेखागारात हलविलेली असतात, आणि पुष्कळांची सूक्ष्मचित्रे युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथील वंशावळी-संस्थेने 1938 पासून घेऊन ठेविली आहेत.

समुद्रापलीकडचा कागद आणि आपला कायदा

प्रत मिळाली म्हणजे येथे काम संपले असे नव्हे. 1975 साली तिरुपती येथे हिंदू पद्धतीने विवाहबद्ध झालेल्या एका जोडप्याचे प्रकरण 1991 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पतीने 1980 साली अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या सेंट लुइस काउंटीतील न्यायालयातून घटस्फोट मिळविला होता व 1981 साली दुसरा विवाह केला होता. पहिल्या पत्नीने त्याच्यावर फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याने ज्या न्यायालयास अधिकार आहे, त्याच कायद्यात सांगितलेल्या कारणावरून त्याने निकाल दिला पाहिजे, हा सामान्य नियम त्यात सांगितला आहे. मात्र प्रतिपक्षाने स्वखुशीने हजर राहून त्या कायद्यातील कारणावर दावा लढविला असेल, किंवा निकालास संमती दिली असेल, तर परदेशी निकाल मान्य होऊ शकतो. निकालाच्या नुसत्या छायाप्रतीवर विसंबता येत नाही, हेही त्याच प्रकरणात स्पष्ट झाले.

त्यानंतर एक सोय झाली आहे. परदेशी कागदांच्या प्रमाणनाविषयी हेग येथे 1961 साली जो करार झाला, तो भारतास 14 जुलै 2005 पासून लागू आहे; अमेरिकेस तो 1981 पासूनच लागू होता. काउंटीतून आलेल्या प्रमाणित प्रतीवर त्या राज्याच्या सचिवाकडून ‘अपॉस्टील’ नावाचा दाखला जोडून घ्यावा. दाखल्याने सही-शिक्क्याचा खरेपणा ठरतो. निकाल आपल्या कायद्यास मान्य आहे की नाही, हे त्याने ठरत नाही. त्यासाठी जाणत्या वकिलाचाच सल्ला घ्यावा. प्रस्तुत लेखक मॅट्रिक झालेला शिक्षक आहे, कायदेपंडित नव्हे.

उपसंहार

आपल्याकडेही अनेक ज्ञातींत पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायको मोकळी होत. कोठे सोडचिठ्ठी लिहीत, कोठे तोंडी फारकतच होई. मुंबई प्रांतात 1947 साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला, 1955 साली हिंदू विवाह कायदा आला, आणि रूढीने मान्य असलेला घटस्फोट या दुसऱ्या कायद्यानेही राखून ठेवला. परंतु न्यायालयात तशी रूढी व तसा घटस्फोट सिद्ध करण्याची वेळ आली म्हणजे पंच दिवंगत झालेले असतात आणि काडीला कोणी नक्कल मागू शकत नाही. पंचांची स्मृती व काउंटीची वही यांत फरक तो हाच. वही कोणाची बाजू घेत नाही आणि कोणाच्या अब्रूचा डांगोराही पिटत नाही. ती मागणाऱ्याची वाट पाहत फडताळात पडून असते.

त्या मुलीच्या कागदाचे काय झाले, ते सांगून लेख आटोपतो. तिच्या धाकट्या भावाला तिकिटे जमविण्याचा छंद. निकाल ज्या पाकिटातून आला होता, ते त्याने तिकिटासाठी जपून ठेविले होते. त्यावर पतीच्या वकिलाच्या कचेरीचा पत्ता छापलेला होता. पत्त्यावरून शहर कळले, शहरावरून काउंटी कळली, आणि त्या काउंटीच्या सूचीत, आडनावातील एक अक्षर वगळलेले असले तरी, नाव सापडले. मुलीने स्वतःच्या सहीने अर्ज केला. प्रत आली, तिच्यावर रीतसर दाखला जोडून घेतला. तिने संमतीची सही केल्याची नोंद निकालपत्रातच होती, ती वकिलाने खुणेने दाखविली. विवाह गतवर्षी पार पडला.

नोंदणीच्या दिवशी वडिलांनी ती प्रत स्वतः हातात धरून आणली होती. काम झाल्यावर त्यांनी तिची नीट घडी केली आणि मुलीच्या हाती देत ते म्हणाले, “हा तुझा कागद. सांभाळून ठेव.”

ज्ञातिबांधवांना विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी असा कागद असेल त्यांनी तो जन्मदाखल्याशेजारी ठेवावा, त्यावरील काउंटीचे नाव व दाव्याचा क्रमांक वेगळ्या वहीत उतरून ठेवावा, आणि ज्यांच्या घरी तो नसेल त्यांनी संकोच न करता मागवून घ्यावा. मोडलेल्या संसाराची लाज त्या कागदात लिहिलेली नसते. पुढचा संसार मांडण्याचा अधिकार त्यात लिहिलेला असतो.